आईच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं, उरलेलं आई सांगते आणि सांगताना त्यात पदरचं घालते. (घालतेस गं.) शिवाय मागच्या आठवड्यात आईने जे विचारलं त्याला फोनवर मी ‘अगं, काम आहे ते’ एवढंच म्हणाले. तू पुढे काही बोलली नाहीस. तू ओरडलीस तर मला चालतं, गप्प बसलीस की झोप लागत नाही.

बाबांसाठी आधी प्रश्न लिहिते. मावशीने मी रिंगच्या कडेने काढलेला एक फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. एका बॉक्सरची भुवई फुटली आहे, समोरच्याचा ग्लोव्ह अजून त्याच्या गालावर आहे आणि घामाचे थेंब दिव्यात उडालेले दिसतायत. आईने विचारलं, ‘तू इतक्या जवळ होतीस, तेव्हा तुला काय वाटलं?’

केईएम हॉस्पिटलमध्ये उभा जन्म काढलेल्या बाईला रक्ताची भीती नाही, हे मला कळतं. ‘कसं बघवतं तुला?’ असं मावशी विचारेल. तू ‘काय वाटलं’ विचारलंस. तर खरं सांगते: मला आनंद झाला.

आता पुढचं वाचायच्या आधी पत्र ठेवून देऊ नकोस.

मी कुठे बसते ते आधी समजून घ्या. रिंग जमिनीपासून तीन-चार फूट उंच बांधलेली असते. दोरांच्या बाहेर चारही बाजूंनी दोनेक फुटांची पट्टी असते, तिला एप्रन म्हणतात. माझी कोपरं त्या पट्टीवर, हनुवटी कॅनव्हासच्या, म्हणजे रिंगवर ताणलेल्या जाड कापडाच्या, पातळीला आणि लेन्स सगळ्यात खालच्या दोराखालून आत. उभं राहायचं नाही, कारण मागे महागड्या तिकिटांची मंडळी असतात. ‘मॅडम, डोकं खाली’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की कुणी नुसतं खाकरलं तरी मान आपोआप खाली जाते. जागाही बदलायची नाही. आपल्याला दिलेली बाजू ती आपली, मग सगळी मारामारी समोरच्या कोपऱ्यात झाली तरी. रेफरी फिरत फिरत नेमका आपल्या आणि त्या दोघांच्या मध्ये येतो तेव्हा त्याच्या पाठीचे सुंदर फोटो मिळतात. माझ्याकडे त्यांचा मोठा संग्रह आहे.

बाबा, यंत्राचं तुमच्यासाठी. दोन कॅमेरे घेऊन बसते. एकावर जवळची लेन्स, दुसऱ्यावर पलीकडच्या कोपऱ्यासाठी लांबची. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहू द्यायचं नाही, नाहीतर ग्लोव्हच्या जागी लाल फराटा येतो. फ्लॅश वापरायचा नाही, असतील त्या दिव्यांवर भागवायचं. हल्लीचे एलईडी डोळ्याला स्थिर दिसतात पण मुळात लुकलुकत असतात, त्यामुळे फोटोत आडवे काळे पट्टे उमटू शकतात. संध्याकाळी रिकाम्या रिंगवर तेच तपासत बसते. आता तुम्ही म्हणाल, हा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो, मग तुझं काम काय उरलं? वीस काढले तरी ठोसा नेमका दोन फोटोंच्या मध्ये लागून जातो. डोळ्याला ठोसा दिसला म्हणजे तो फोटो गेला. तो निघायच्या आधी बटण दाबायचं असतं. मागच्या पायाची टाच उचलली जाते, खांदा किंचित खाली येतो, आणि बॉक्सर ठोशाबरोबर नाकाने फस्सकन श्वास सोडतो. काही जणांचा श्वास मी आता ओळखते. वर्कशॉपमध्ये आवाजावरून तुम्हाला बेअरिंग गेल्याचं कळायचं, त्यातलंच हे. तुमच्याच कानांची देणगी असणार. तुमच्याकडे आता उरले नाहीत, म्हणजे माझ्याकडे आले.

तर आनंदाचं. इतकं सगळं जुळून फोटो बरोबर येतो, तेव्हा समोर एका माणसाला लागलेलं असतं आणि मला मात्र आतून बरं वाटतं. आई, तू तापाने फणफणलेल्या, किंचाळणाऱ्या बाळाची शीर पहिल्याच टोचण्यात सापडली की घरी येऊन सांगायचीस. चहा पिता पिता, हसत. मी लहान होते, मला वाटायचं आई दुष्ट आहे की काय. ते हसू कशाचं होतं हे मला एप्रनवर कोपरं टेकल्यावर कळलं. पण इथे फरक आहे, आणि तो तू दाखवायच्या आत मीच लिहिते: तुझ्या सुईने ते बाळ बरं होत होतं. माझ्या फोटोने त्याची भुवई शिवली जात नाही. या फरकाला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते शोधत बसलेय असंही नाही.

पण ‘कुणी थांबवत नाही का?’ हे जे तू मागून पुटपुटलीस, त्याला उत्तर आहे. थांबवायला तिथे चिकार माणसं असतात. रेफरी थांबवू शकतो. रिंगच्या कडेला डॉक्टर बसलेला असतो, जखम बघायला रेफरी त्याला बोलावतो. आणि बॉक्सरच्या कोपऱ्यातले त्याचेच लोक हार कबूल करू शकतात, टॉवेल टाकणं म्हणतात ते. हे सगळे नियम फुकट आलेले नाहीत. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला डुक कू किम नावाचा कोरियन बॉक्सर रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर जागतिक किताबाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आल्या. तुझ्यापासून हे लपवण्यात अर्थ नव्हता, तू शोधून काढलंच असतंस. माझ्या समोर असं काही घडलेलं नाही. पण राउंड चालू असताना माझा एक डोळा रेफरीच्या तोंडाकडे असतो, कारण तो मार खाणाऱ्याच्या डोळ्यांत बघत असतो. तो रेफरी चांगला असला की मला काम करायला बळ येतं. सुस्त असला की फोटो चांगले येऊनही रात्री जेवण जात नाही.

तुला खरंच आवडेल ती गोष्ट वेगळीच आहे. दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट असतं. प्रेक्षक त्या मिनिटात मोबाइल बघतात, पडद्यावर जाहिराती लागतात. मी कॅमेरा कोपऱ्याकडे वळवते. छोट्या स्टुलावर बॉक्सर बसतो, एक जण त्याला पाणी पाजतो, एक जण कानाशी बोलतो आणि कटमॅन नावाचा माणूस जखमेवर काम करतो. त्याच्या कानामागे कापूस गुंडाळलेल्या काड्या खोचलेल्या असतात. अ‍ॅड्रेनलीनमध्ये बुडवलेली काडी जखमेत घालून तो दाबून धरतो, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात. डोळ्याखालची सूज खाली बसावी म्हणून बर्फात ठेवलेला लोखंडाचा गुळगुळीत तुकडा दाबतो. वर व्हॅसलिन, म्हणजे पुढचा ग्लोव्ह घसरून जावा. ना टाके, ना भूल. साठ सेकंदांत सगळं उरकायचं, आणि तेवढ्यात दहा सेकंद राहिल्याची शिट्टी वाजते. तुझ्या कॅज्युअल्टीतल्या कुठल्याही सिस्टरने त्याचे हात बघून मान डोलावली असती. माझ्या मते त्या रात्रीचे खरे फोटो या मिनिटात असतात. आयोजकांना ते नको असतात. त्यांना ठोसा हवा, विजेत्याचा पट्टा हवा, स्पॉन्सरचं नाव दिसायला हवं. मी ते देते, आणि हे माझ्याकडे ठेवते.

बायकांच्या लढतीत राउंड सहसा दोन मिनिटांचे, पण विश्रांतीचं मिनिट तेवढंच. तिथे कोपऱ्यात बहुतेक वेळा पुरुषच असतात, आणि लढून आलेली मुलगी त्यांचं ऐकता ऐकता केसांची सुटलेली वेणी आत खोचत असते. असा एक फोटो मी घरच्या भिंतीवर लावलाय.

बाबांनी मागे विचारलं होतं की यात नशीब किती. एक जुनी गोष्ट सांगते. २५ मे १९६५, अमेरिकेतलं लुइस्टन गाव. मोहम्मद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं आणि त्याच्या अंगावर ओरडत उभा राहिला. तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय, सलूनमध्येसुद्धा लावलेला असतो. काढणारा नील लायफर तेव्हा बावीस वर्षांचा होता. वर टांगलेले त्याचे मोठे फ्लॅश एकदा पेटले की पुन्हा भरायला वेळ लागायचा, म्हणजे त्या क्षणाला एकच फोटो. आता मजा बघा. त्याच फोटोत अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडे बसलेला दुसरा फोटोग्राफर दिसतो, हर्ब शार्फमन. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या त्याच साप्ताहिकाचा, लायफरपेक्षा अनुभवी. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. तर जागा मिळणं हे नशीब, पण त्या एका फ्लॅशला घाई न करणं हे नशीब नव्हे. आणि तेव्हा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर दुसराच फोटो छापला होता! संपादकांची जात सगळीकडे सारखीच.

वरळीच्या डोमचं सांगायचं राहिलं. जिथे आजोबा दारासिंग-किंगकाँगची कुस्ती पाहून आल्याचं सांगायचे, त्या वल्लभभाई पटेल स्टेडियमच्या जागीच आताचा एनएससीआय डोम आहे. ५ ऑगस्ट २०१७ ला तिथे विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा राउंडनंतर गुणांवर हरवलं. डोकलामवरून भारत-चीन तणाव चालू होता, तर जिंकलेला पट्टा परत द्यायची तयारी त्याने तिथेच जाहीर केली. मी तेव्हा वरच्या रांगेत तिकीट काढून बसले होते आणि लढतीपेक्षा खाली दोराशी वाकलेल्या फोटोग्राफरांकडेच बघत होते. पुढे २०२० मध्ये त्याच डोममध्ये कोविडच्या खाटा लागल्या. आई निवृत्त होऊनही तिकडे जायला पिशवी भरून तयार होती आणि बाबांनी दाराला आतून कुलूप लावलं होतं, तेच ठिकाण.

पोटापाण्याचं विचाराल, तर बॉक्सिंगवर घर चालत नाही. मुंबईत असे शो वर्षाकाठी मोजकेच. पोट भरतं ते लग्नांवर, कंपन्यांच्या कार्यक्रमांवर आणि कबड्डीवर. एका आयोजकाकडे मागचे पैसे अजून अडकलेत, दर सोमवारी फोन करते, दर सोमवारी त्यांचा अकाउंटंट रजेवर असतो. पण परळच्या खोलीचा मेंटेनन्स वेळेवर भरलेला आहे. शो संपायला मध्यरात्र होते, तेव्हा लोकलच्या भरवशावर राहत नाही, टॅक्सी करते. आणि आई, हिपॅटायटिस बीची तिन्ही इंजेक्शनं झालीत, कार्ड तुझ्या जुन्या डब्यात ठेवलंय. रक्ताचे शिंतोडे लेन्सच्या काचेवर येतात, चेहऱ्यावर क्वचित. हातमोजे घालून पुसते आणि साबणाने हात धुते, तू शिकवलंस तसे, मनगटापर्यंत.

मावशीने पाठवलेल्या फोटोतला तो भुवई फुटलेला मुलगा उल्हासनगरचा आहे. दिवसा जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवतो. त्या रात्री तो हरला. मी लॅपटॉप बंद करत होते तेव्हा पट्टी बांधून माझ्याकडे आला. मला वाटलं, फोटो काढून टाका म्हणणार. तर म्हणाला, ‘ताई, हा मला द्या, पुढच्या फाइटसाठी दाखवायला लागतो. आणि आईला पाठवायला एक वेगळा द्या. ज्यात माझा गार्ड वर आहे.’ असा फोटो शोधायला मला बराच वेळ लागला, कारण त्या रात्री त्याचा गार्ड, म्हणजे चेहरा वाचवायला धरलेले हात, फारसा वर नव्हताच. दुसऱ्या राउंडमधला एक सापडला. तो पाठवला. त्याच्या आईला त्यावरून काय कळलं असेल ते तूच सांग, तुला आयांचं जास्त कळतं.

माझं म्हणणं असं, की पुढच्या शोला तू ये. पास मी मागून ठेवते. डॉक्टरची खुर्ची दिसेल अशी जागा बघते, म्हणजे तो डुलक्या काढतोय का हे तुला तपासता येईल. बाबांना आवाज सोसला नाही तर कानाचं मशीन काढून खिशात ठेवावं, तेवढी एक सोय त्यांच्याचकडे आहे. मशीनचे सेल इथून घेऊन ठेवते, चिपळूणला मिळत नाहीत म्हणालात ना? यायचं ठरलं तर लगेच कळवा. गणपतीच्या आसपासचं कोकण रेल्वेचं बुकिंग उघडल्या उघडल्या भरतं, आणि एसटीने मी तुम्हाला येऊ देणार नाही.

तुमची
धाकटी