कुत्रा उपाशी असताना ‘मजेत आहे’ असं कळवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे.

दिनांक : १० जून २०२४

विषय : छत्रपती संभाजीनगर शाखेत मुक्कामाला ठेवलेल्या आमच्या कुत्र्याबाबत खरी माहिती लपवल्याबद्दल.

महोदय,

मी जालन्याला राहते आणि एका शाळेत लिपिक आहे. कागद जपून ठेवायची सवय आहे. हे आधीच सांगते, कारण तुमच्या शाखेत मला ‘मॅडम, एवढं कोण बघत बसतं’ असं ऐकायला मिळालं. मी बघते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे मनालीला गेलो. एरवी सासूबाई घरी असतात, त्यामुळे कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही. यंदा त्याही सोबत होत्या आणि शेजारचे लग्नाला गावी गेलेले. जालना सोन्याचा पाळणा असं आमच्याकडे म्हणतात, पण कुत्र्याला ठेवायला भरवशाची जागा काही आम्हाला गावात सापडली नाही. शेवटी तुमच्या ॲपवरचे फोटो पाहून साठेक किलोमीटरवर संभाजीनगरला भुऱ्याला आणून सोडलं. सगळे पैसे आगाऊ भरले. रेबीज, सेव्हन-इन-वन आणि केनेल कफ, तिन्ही लशींच्या नोंदी असलेलं कार्ड दाखवलं. फॉर्मचा एकही रकाना कोरा ठेवला नाही.

त्या फॉर्मवर ‘आहाराच्या सवयी’ असा एक रकाना आहे. त्यात मी लिहिलंय : घरचं कुणी दिसलं नाही तर पहिल्या दिवशी अन्नाला तोंड लावत नाही. जवळ बसून हातानं दोन घास भरवले की मग आपणहून खातो. दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही तर फोन करावा, रात्री-अपरात्री केला तरी चालेल. खाली तुमच्या माणसाची सही आहे आणि शिक्काही. प्रत सोबत जोडली आहे.

कुत्रा आमच्यावाचून झुरला, ही माझी तक्रार नाही. तो झुरणारच. माळ्यावरून बॅगा खाली आल्या की भुऱ्याचं शेपूट खाली जातं, तो त्या बॅगांना पाठ लावून बसतो आणि कुणी चेन ओढली तरी दचकतो. यापूर्वी एकदा शेजाऱ्यांनी त्याला आमच्याच अंगणात सांभाळलं होतं. तेव्हाही पहिली रात्र तो फाटकापाशी बसून राहिला, दुसऱ्या संध्याकाळी काकूंनी मांडी घालून त्याला दूधभाकर चारली आणि गाडी रुळावर आली. अंगण ओळखीचं, वास ओळखीचे, चारणारा हातही ओळखीचा. तुमच्याकडे यातलं काहीच नसणार, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर एवढं लिहून दिलं आणि ‘प्रत्येक पाहुण्याकडे वैयक्तिक लक्ष’ यासाठी जादा दर मोजला.

आता तुम्ही काय केलंत ते.

रोज संध्याकाळी ॲपवर एक फोटो आणि एक ओळ यायची. ‘भुऱ्या मजेत आहे, मित्रांसोबत खेळतोय, पोटभर जेवला.’ पहिले फोटो पाहून आम्ही निर्धास्त झालो. मग एका संध्याकाळी सासूबाई मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, ‘अगं, ह्याच्या कपाळावरचं कुंकू अजून तसंच कसं काय?’

घरून निघताना माझ्या लेकीनं भुऱ्याला ओवाळून कुंकवाचा टिळा लावला होता. घाईत बोट घसरलं आणि टिळ्याचा एक ओघळ डाव्या भुवईपर्यंत गेला. तो ओघळ रोजच्या फोटोत जसाच्या तसा होता, रंगही तेवढाच ताजा. कुत्रं एकदा जमिनीवर लोळलं की कपाळावर कुंकू राहत नाही, हे ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना सांगायला नको. म्हणजे सोडलं त्या दिवशीच तुम्ही पाच-सहा फोटो काढून घेतले आणि रोज एक याप्रमाणे आम्हाला वाढत गेलात. सगळ्या फोटोंत मागच्या भिंतीवरची सावलीही एकाच ठिकाणी आहे. मूळ फाइल पाठवा, वेळ आपोआप कळेल.

आम्ही लगेच फोन लावला. ‘आत्ताच जेवून झोपलाय’ असं उत्तर मिळालं. व्हिडिओ कॉल करा म्हटलं, तर ‘आम्ही झोपलेल्या कुत्र्यांना उठवत नाही’. ॲपवरचा कॅमेरा देखभालीसाठी बंद होता, तो आम्ही परत येईपर्यंत बंदच राहिला.

परतल्यावर भुऱ्याला घ्यायला गेलो तेव्हा तो उठून आला खरा, पण चार पावलं टाकून खाली बसला. भुऱ्या तसा गावठीच, मात्र त्याची आई लातूरकडच्या कारवानी जातीची. लांब पाय, आत गेलेलं पोट, चरबी नावाला. अशा अंगकाठीचं कुत्रं उपाशी राहिलं तर झाकत नाही. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि ‘लेकरू सुकलं गं माझं’ म्हणत तिथेच पायरीवर बसल्या. आम्ही दिलेला खाद्याचा डबा जवळजवळ भरलेला परत आला. मग रोज पोटभर जेवला तो काय?

दुसरी वस्तू परत आली ती गाठोडं. सासूबाईंनी आपल्या वापरत्या, न धुतलेल्या लुगड्याचा एक तुकडा त्याच्या अंथरुणात टाकायला दिला होता. पिशवीत भरून वर दोरीची दुहेरी गाठ मारली होती आणि टोक आत खोचलं होतं. ती गाठ तशीच परत आली, टोकही आतच. पिशवी उघडलीच नव्हती.

तुमच्या शाखेतला एक मुलगा आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. तो हळूच म्हणाला, ‘ताई, तो खातच नव्हता. तोंड गेटकडं करून बसायचा. मी साहेबांना सांगितलं होतं.’ सगळ्या पिंजऱ्यांचं झाडणं, धुणं, चारणं त्या एकट्याच्या गळ्यात होतं. त्यानं कुणाजवळ बसून घास भरवावा तरी कधी? या पत्रामुळे त्या मुलाच्या नोकरीवर गदा येऊ नये, असं मी इथे मुद्दाम नोंदवते. तिथे खरं बोलणारा तोच एक निघाला.

जालन्याच्या पशुवैद्यकांनी तपासलं. लशीच्या कार्डावर वजन साडेएकवीस किलो होतं, ते अठराच्या आसपास आलेलं. हिरड्या कोरड्या, अंगात पाणी कमी. ताप १०४ फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, म्हणजे हा तापच. कानात आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या. रक्तातल्या प्लेटलेट्स घटलेल्या, निदान गोचीडतापाचं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या महिनाभर चालतील.

गोचीड तुमच्याच शाखेतली होती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. चावल्यानंतर ताप यायला आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, त्यामुळे तारखा दोन्हीकडे लागू शकतात. पण ही तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते आणि बाहेरच्या गवताशिवाय घरातच पिढ्या काढते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तिची चंगळच. जिथे कुत्री येत-जात असतात तिथे कुत्र्यांना औषध लावून भागत नाही, भिंती आणि फटीही फवाराव्या लागतात. शाखेत शेवटची फवारणी कधी झाली, त्याचं बिल दाखवा. आणि रोज कुणी त्याच्या अंगावरून नुसता हात फिरवला असता तरी कानातल्या गोचिड्या हाताला लागल्या असत्या.

ही सगळी हकिकत ईमेलनं कळवल्यावर तुमच्या कार्यालयाचं जे उत्तर आलं, त्यातल्या तीन वाक्यांवर मला बोलायचं आहे. एरवी मी बिल पाठवून गप्प बसले असते.

‘कुत्र्यांना वेळेचं भान नसतं, त्यामुळे मालक किती काळ दूर आहे हे त्यांना समजत नाही.’ स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ साली याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यांना घरी अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. अर्ध्या तासानंतर मालक आला तर झालेलं स्वागत आणि दोन किंवा चार तासांनंतरचं स्वागत यात फरक होता : शेपूट जास्त हललं, स्वतःचे ओठ चाटणं वाढलं, अंग झटकणं वाढलं. अर्धा तास आणि दोन तास यांतला फरक ज्याला कळतो, त्याला अख्खी सुट्टी कळत नाही, हे कुणाला सांगता?

‘सुरुवातीचे दिवस बहुतेक कुत्री नीट खात नाहीत, ही सामान्य बाब आहे.’ मान्य. अमेरिकेत १९९७ साली एका सार्वजनिक निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं गेलं. पहिल्या तीन दिवसांत ते घरी राहणाऱ्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं, जास्त काळ राहिलेल्या कुत्र्यांत मात्र कमी होतं. तेव्हा सुरुवातीचे दिवस सर्वांत अवघड, हे तुम्हालाही माहीत होतं. मग त्याच दिवसांत ‘पोटभर जेवला’ असं का कळवलंत? ‘आज खाल्लं नाही, प्रयत्न चालू आहे’ एवढी ओळ आली असती तर माझे दीर संभाजीनगरलाच असतात, तासाभरात येऊन त्याला घेऊन गेले असते. त्यांचा नंबरही फॉर्मवर आहे.

‘बाहेरचे कपडे स्वच्छतेच्या कारणास्तव दिले जात नाहीत.’ हे पिशवी घेताना का सांगितलं नाही? शिवाय तुमच्याच माहितीपत्रकात ‘घरच्या वासाची एखादी वस्तू आणा’ असा सल्ला छापलेला आहे. सल्ला बरोबरच आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात जाग्या कुत्र्यांना शांत पडून राहायला शिकवून त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला गेला. ओळखीच्या माणसाचा वास आला की, माणूस समोर नसतानाही, मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सर्वांत जास्त उजळला. आमच्या सासूबाईंना हे एमआरआयवाचून ठाऊक होतं, तो भाग वेगळा.

‘वातानुकूलित खोली’बद्दल थोडक्यात. ती पत्र्याची शेड आहे, त्यात एक कूलर आहे आणि वीज गेली की तोही नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, पत्र्याखाली उपाशी कुत्रं ठेवणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून लक्षात येणार नसेल तर एक दुपार तिथे काढून पाहा.

तुमच्या अटींत ‘कोणत्याही परिस्थितीत कंपनी जबाबदार नाही’ आणि ‘वाद केवळ पुण्यात चालतील’ असं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. माझ्यासाठी तो जालन्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. आणि याच कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हेही येतं. कुंकवाचे फोटो त्यासाठी पुरेसे आहेत.

माझं म्हणणं असं की मुक्कामाचे पूर्ण पैसे परत करावेत. पशुवैद्यकांच्या बिलातला सलाइनचा आणि तपासणीचा खर्च द्यावा. गोचीडतापाच्या औषधांचे पैसे मी मागत नाही, कारण वर सांगितलंच आहे. त्या काळातल्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि रोजच्या चारण्याची नोंदवही नष्ट न करता त्यांच्या प्रती मला द्याव्यात. कॅमेरा खरंच बंद होता, तर दुरुस्तीची पावती द्यावी. आणि ॲपवरच्या रोजच्या संदेशात ‘किती खाल्लं’ हा रकाना असावा, तो त्या दिवशी चारणाऱ्यानं स्वतः भरावा आणि फोटोवर वेळ छापलेली असावी. दिवाळीच्या सुट्ट्या येतील तेव्हा तुमच्याकडे पुन्हा गर्दी होणार, म्हणून हे शेवटचं मागणं मी पैशांच्या आधी मोजते.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर द्यावं. ते लेखी असावं. तुमच्या प्रतिनिधीचे ‘पुढच्या वेळी वीस टक्के सूट देतो’ असे फोन आता थांबवा, आम्ही ते उचलत नाही. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जालना जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करीन.

आपली,
(सही)
जालना

सोबत : भरलेल्या फॉर्मची प्रत, पैशांची पावती, ॲपवरचे फोटो तारखेनुसार, लशीचं कार्ड, रक्ततपासणीचा अहवाल, पशुवैद्यकांचं बिल आणि न उघडलेल्या गाठोड्याचा फोटो. गाठोडं आमच्याकडे तसंच ठेवलं आहे, आयोगानं मागितलं तर हजर करू.