दोन सेडान आणि बोअर-स्ट्रोकचा हिशेब

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत १९६९ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर आणि नव्वदच्या दशकातली मर्सिडीज ५०० ई या दोन दुर्मीळ चारदारी गाड्यांची तुलना वाचली. एक ताशी २०० किलोमीटर पळते, दुसरी २५०, म्हणून मर्सिडीज सरस, असा निकाल त्यात दिलाय. मर्सिडीज मलाही जास्त आवडते, पण हे कारण मला मान्य नाही. चौतीस वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग आणि होनिंगचं, म्हणजे सिलिंडरचं भोक मापात कापायचं आणि आतून घासून गुळगुळीत करायचं काम करतोय. गाडी मी सिलिंडरपासून मोजतो.

स्कायलाइनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, फक्त ६२.८. पिस्टनला वर-खाली जायचं अंतर इतकं कमी, म्हणून ते इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ती देतं. सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह, तीन कार्बोरेटर, आणि सगळं मिळून १,९८९ सीसी. म्हणजे लीटरमागे ८० अश्वशक्ती! मर्सिडीजचं ४,९७३ सीसीचं आठ सिलिंडरी व्ही-८, ३२६ अश्वशक्तीचं. लीटरमागे पासष्टच्या आसपास. वीस-बावीस वर्षांनी आलेली गाडी या हिशेबात मागे पडते. स्कायलाइनचं ते इंजिन प्रिन्स कंपनीच्या आर३८० या शर्यतीच्या गाडीवरून आलं आणि साध्या घरगुती अंगाच्या सेडानमध्ये बसलं. अशा चारदारी जीटी-आर ८३२ च झाल्या. लेखात या इंजिनाला दीड ओळ मिळाली, याचं वाईट वाटलं.

तरीही माझं मन मर्सिडीजकडे जातं, ते ती बनली कशी म्हणून. एवढं इंजिन आणि रुंद चाकं घ्यायला मडगार्ड फुगवावी लागली, आणि ती रुंद बॉडी मर्सिडीजच्या स्वतःच्या असेंब्ली लाइनमधून जाईना. मग काम पोर्शेकडे गेलं. पत्रे पोर्शेच्या झुफेनहाउझेन कारखान्यात जायचे, तिथं बॉडी जोडली जायची, रंगासाठी मर्सिडीजच्या सिंडेलफिंगेन कारखान्यात परत, इंजिन बसवायला पुन्हा झुफेनहाउझेन आणि शेवटच्या तपासणीला पुन्हा सिंडेलफिंगेन. एका गाडीला अठरा दिवस.

या फेऱ्यांचा विचार करताना मला आमचाच जॉब, म्हणजे कामाला आलेला भाग, दिसला. कास्टिंग शिरोलीच्या फौंड्रीत, मशिनिंग आमच्याकडे, हीट ट्रीटमेंट गोकुळ शिरगावला, फायनल ग्राइंडिंगला परत आमच्याकडे. प्रत्येक फेरीत माप हलायची भीती. ज्यानं मालाचं चलन हातात धरून टेम्पोतून जॉब उतरवून घेतलाय, त्याला त्या अठरा दिवसांची किंमत कळेल.

पंचवीसेक वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीवाल्यांची ई २२० आमच्या दारात उभी होती, ५०० ई च्याच पिढीची, पुण्यात जोडलेली. मी पुढच्या मडगार्डवर हात फिरवला होता. तो सरळ, सपाट. ५०० ई चा फोटो पाहिला की चाकावरचा तो फुगवटा आजही आधी तळहाताला जाणवतो.

लेखात १०,४७९ हा बनलेल्या ५०० ई गाड्यांचा आकडा फक्त लिलावातली किंमत सांगायला आलाय. त्या गाड्यांसाठी दोन कारखान्यांत झालेल्या फेऱ्यांना एक परिच्छेद तरी द्यायला हवा होता.

आपला,
एक बोअरिंगवाला वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर