प्रत्यारोपणानंतरची रजा

३ ऑगस्टच्या भारतीय अवयवदान दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. दात्यांच्या कुटुंबीयांचा त्यातील गौरव योग्यच आहे. अशाच एका अनोळखी कुटुंबामुळे माझ्या पतींना मूत्रपिंड मिळाले. मात्र रुग्ण घरी परतला की लेख संपतो, आणि जोडीदाराचे काम तिथूनच सुरू होते.

शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाच्या गोळ्या बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून द्याव्या लागतात. रक्तातील या औषधाची पातळी तपासायची तर नमुना सकाळच्या गोळीआधी द्यायचा, म्हणजे भल्या सकाळी लॅब गाठणे आले. सुरुवातीच्या महिन्यांत संसर्गाची आणि शरीराने अवयव नाकारण्याची भीती जास्त, त्यामुळे घरचे एक माणूस सतत लागतेच. डायलिसिसवर असताना घोट मोजून पाणी पिणारे हे आता तांब्याभर पाणी एका दमात पितात, मास्क लावून भाजीवाल्याशी घासाघीसही करतात! पण हे दिवस दिसेपर्यंत माझी सारी रजा संपून बिनपगारी सुरू झाली होती.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये अवयवदान करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंतची विशेष नैमित्तिक रजा दिली. निर्णय चांगलाच, पण अवयव मेंदूमृत दात्याकडून मिळाला असेल, तर रुग्णाच्या घरात तिचा लाभ कोणालाच होत नाही. राज्य सरकारने निदान आपल्या कर्मचाऱ्यांना जोडीदाराच्या प्रत्यारोपणानंतर शुश्रूषेसाठी वेगळी पगारी रजा द्यावी, आणि त्यासाठी डिस्चार्ज कार्डाखेरीज दुसरा कागद मागू नये.

– एक वाचक, नाशिक