कवड्या की मण्यार?

नाशिक, १२ जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फोटो पाहिला. दिंडोरीच्या मळ्यातल्या घरी मोरीच्या भिंतीवर चढलेला तो साप मण्यार नाही, बिनविषारी कवड्या आहे. आधी हे वहिनींना सांग.

घाबरलात ते साहजिकच आहे, त्याचं रूपच मण्यारीवर गेलंय. पण पट्टे कुठून सुरू होतात ते बघ. कवड्या चॉकलेटी; त्याचे पिवळट पांढरे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार निळसर काळी, चकचकीत. तिचे बारीक दुधी पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. फसगत होते ती मण्यारीच्या पिल्लात, कारण त्याला पुढेही पट्टे असतात. शिवाय म्हाताऱ्या कवड्याचे पट्टे पुसून तो नुसता तपकिरी दिसतो. म्हणून फोटो मोठा करून पाठ बघ. मण्यारीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग जाते, तुझ्या सापाला ती नाही. हे फोटोतच बघायचं, जवळ जाऊन नाही!

दिव्यावर किडे, किड्यांवर पाली, पालींमागे कवड्या. खरबरीत भिंत तो सरळ चढतो. सापसुरळीचं गुळगुळीत, टणक अंग निसटू नये म्हणून त्याचे पुढचे दात लांब असतात. डिवचलं तर वेटोळ्यात डोकं खुपसतो, धरलं तर चावतो, पण विष नाही. मण्यार समजून ठेचले जातात त्यात बरेचदा कवड्याच असतो, याचं फार वाईट वाटतं. मण्यार तर त्यालाही खाते.

मात्र पाऊस आहे तोवर जमिनीवर झोपू नका. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा, मोरीच्या तोंडाला जाळी लावा. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही, दातांची खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या मिटायला लागल्या तर पित्त समजून थांबू नका. कापणं, घट्ट आवळणं नको. कुठे चावल्याचं कळलंच तर तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि थेट सिव्हिल गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

पुन्हा दिसला आणि ओळख पटली नाही तर मण्यारच समजा. लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. पुढचा फोटो पाठीचा, वरून काढलेला पाठव.

तुझा,
विनायक