दरजा भरणाऱ्या हातांचे आभार

फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागातल्या जुन्या दगडी घरात, भिंतीच्या दगडांमधल्या दरजा (फटी) सिमेंट काढून चुन्याने भरल्या, आणि पाहुण्यांची खोली आता कोरडी आहे. मदतीला आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सर्वांत आधी, दरजांमधलं सिमेंट छिन्नीने २-३ सेंटीमीटर खोल काढणाऱ्यांचे. किती चिकाटीचं काम! सिमेंट ओल आत कोंडतं, मग मऊ चुनखडीच्या दगडाचे पापुद्रे सुटतात. १ बादली हायड्रॉलिक चुन्याला (पाण्यानेही घट्ट होणारा चुना) अडीच बादल्या वाळू, हे प्रमाण सांगणाऱ्या शेजारच्या आजोबांचे. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवणाऱ्यांचे. कोरडा दगड पाणी ओढून घेतो आणि चुन्याचा भुगा होतो.

भरलेल्या चुन्यावर अंगठ्याचा ठसा उमटत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, तेव्हाच ब्रश फिरवायचा, हे दाखवणाऱ्या ताईंचे. आणि ४ दिवस भिंतीवरचं गोणपाट ओलं ठेवणाऱ्या मुलांचेही.