फिनिक्सला सोनेरी ट्यूब कशाला?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ॲक्रिलिकमध्ये फिनिक्स पक्षी रंगवण्याची कृती वाचली. काळ्या कॅनव्हासवर थेट पिवळा-केशरी पक्षी, भोवती ज्वाळा आणि शेवटी 'झळाळी'साठी सोनेरी ट्यूब. माझी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. शिडीवर चढणं झेपेना तेव्हा कॅनव्हास धरला. म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले.

काळ्यावर पिवळा लावला की तो हिरवट दिसतो. पाट्यांच्या धंद्यात नव्या पोराला हे सगळ्यात आधी कळतं. बरेचसे पिवळे रंग पुरते अपारदर्शक नसतात, खालचा काळा त्यातून डोकावतो आणि हातावर हात मारले तरी ती शेवाळी झाक लवकर हटत नाही. यावरचा उपाय जुनाच आहे. पिवळी अक्षरं काढायची तर आधी ती पांढऱ्यानं भरायची. पक्ष्याचंही तेच. आधी तो पांढरा उभा करा, वाळू द्या, मग पिवळा चढवा.

ॲक्रिलिकची खरी मजा इथून पुढे. एनॅमलचा एक हात दिला की दुसऱ्यासाठी ताटकळत बसावं लागे. ॲक्रिलिकचा पातळ थर चहा होईपर्यंत वाळतो आणि एकदा वाळला की पाण्यानं सुटत नाही. पिवळ्यावर मीडियम, म्हणजे रंगात मिसळायचं पारदर्शक द्रव्य, घालून पातळ केलेला केशरी, त्यावर तसाच किरमिजी असे थर देत गेलो तरी खालचा रंग कालवला जात नाही. उजेड या थरांतून पांढऱ्यापर्यंत जातो आणि रंग घेऊन परत येतो. झळाळी म्हणतात ती ही. मात्र पातळ करायला नुसतं पाणी ओतू नका; फार पाण्यानं रंगातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, विरळ होतो आणि थर कच्चा राहतो. आणखी एक. हा रंग वाळताना थोडा गडद होतो, कारण ओला असताना त्यातला बाइंडर दुधासारखा असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. केशरी हवा त्यापेक्षा किंचित फिकाच कालवावा.

सोनेरी ट्यूबमध्ये बहुधा अभ्रकाची बारीक चूर असते. एका बाजूनं चमकते, दुसऱ्या बाजूनं मातकट दिसते, आणि छपाईत तर ती चमक उतरतच नाही. तुमच्याच पानावरची शेपटी पाहा, गंजल्यासारखी दिसते आहे. त्यात चित्रकाराचा दोष नाही, पण ही कृती वाचून शिकणारा तीच ट्यूब विकत घेणार.

राहता राहिल्या ज्वाळा. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं या पक्ष्याचं वर्णन केलं आहे. पिसं काही लाल, काही सोनेरी, आकार गरुडाएवढा. 500 वर्षांतून एकदा, बाप मेला की, त्याचा देह हिराबोळाच्या, म्हणजे एका सुगंधी डिंकाच्या, गोळ्यात भरून हा पक्षी अरबस्तानातून इजिप्तमधल्या हेलिओपोलिसला आणतो, असं तिथले लोक सांगत. जळून राखेतून उठणं त्यात कुठेच नाही, ते नंतरच्यांनी जोडलं. आणि गंमत म्हणजे हिरोडोटस सांगतो, मी पक्षी पाहिलेला नाही, फक्त चित्रात पाहिला आहे! म्हणजे त्या काळीही कुणीतरी ब्रश घेऊन बसलेलाच होता.

माझ्या चित्रात ज्वाळा नाहीत, पंजात तो गोळा आहे. ओझ्यानं सगळा पक्षीच बदलतो. जड भक्ष्य नेणारी घार पाहा, तिचे पाय मागे दुमडलेले नसतात, खाली लोंबतात. शेपटीची पिसं चपट्या ब्रशनं काढली. ब्रशच्या एका कोपऱ्याला किरमिजी, दुसऱ्याला केशरी घ्यायचा, देठाशी टेकवायचा आणि ओढता ओढता उचलायचा. दोन रंग मधोमध आपोआप मिसळतात. वाळायच्या आत एकाच दमात ओढावं लागतं, पुन्हा गिरवलं की पीस मेलं.

एक विनंती. पुढच्या वेळी अशी कृती छापाल तेव्हा पुऱ्या झालेल्या चित्रासोबत मधल्या थराचा, पक्षी नुसता पांढरा असतानाचा फोटोही छापा. शिकणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग. जागेची अडचण असेल तर या पत्राला खुशाल कात्री लावा.

आपला,
पाट्यांतून निवृत्त झालेला एक पेंटर