पोटदुखीवर एरंडेल देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटात दुखू लागले की ‘पोट साफ झाले नसेल’ म्हणून एरंडेल पाजायचे किंवा जुलाबाची गोळी द्यायची, ही पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. दुखणे अपेंडिक्सचे असेल तर हाच उपाय जिवावर बेतू शकतो. म्हणून हे पत्र.

अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या उजव्या खालच्या भागात लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली ही नळी साधारण ८ ते १० सेंटिमीटर लांब असते आणि तिची पोकळी अगदी अरुंद. सुकलेल्या मळाचा खडा, भिंतीतल्या सुजलेल्या लसिका ग्रंथी किंवा क्वचित जंत यांनी ती पोकळी तुंबते. आतला स्राव मात्र पाझरतच राहतो. दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा अडतो, जंतू माजतात, भिंत सडते आणि फुटते. अशा वेळी जुलाब किंवा एनिमा दिला तर आतड्याची हालचाल जोराने होते आणि फुटण्याचा धोका वाढतो. (पेरूच्या बिया गिळल्याने अपेंडिक्स होते, ही भीती मात्र सोडून द्यावी. बी अडकल्याची उदाहरणे अगदी विरळा आहेत.)

दुखण्याचा क्रम घरच्यांनी नीट लक्षात ठेवावा. सुरुवात बेंबीभोवती होते आणि नेमके कुठे दुखते ते रुग्णाला बोटाने दाखवता येत नाही. भूक मरते. मळमळते, एखाद-दुसरी उलटी होते, पण ती बहुधा दुखणे सुरू झाल्यावर. आधी उलट्या-जुलाब आणि मग दुखणे, असा क्रम असेल तर गॅस्ट्रोची शक्यता जास्त. साधारण १२ ते २४ तासांत दुखणे उजवीकडे खाली सरकते. उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांच्यामध्ये रेषा धरली, तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर सर्वाधिक दुखते. अमेरिकी सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये सांगितलेला हा बिंदू आजही तपासताना उपयोगी पडतो. खोकल्यावर किंवा रिक्षा खड्ड्यातून गेल्यावर तिथे कळ उठते.

पण नळीचे टोक सगळ्यांत एकाच जागी नसते. ते आतड्यामागे असेल तर कंबर दुखते, ओटीपोटात उतरलेले असेल तर लघवीला जळजळ किंवा पातळ शौच होते आणि निदान चुकते. गरोदरपणात दुखण्याची जागा वर सरकू शकते. लहान मुले आणि वृद्ध यांच्यात लक्षणे धूसर असतात आणि नळी फुटलेल्या अवस्थेत रुग्णालय गाठण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त. असह्य दुखणे एकाएकी थांबले तर घरात हायसे वाटते. पण ती नळी फुटल्याची खूण असू शकते. काही वेळाने सगळे पोट दुखू लागते, कडक होते.

सोनोग्राफीत नळीची जाडी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल आणि दाबूनही ती चपटी होत नसेल तर सूज मानतात. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून आजार नाहीच, असे मात्र नव्हे. वायू आड आला तर नळी दिसतच नाही. म्हणून हाताने केलेली तपासणी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि काही तासांनी पुन्हा तपासणी यांना पर्याय नाही. गरज पडली तर सीटी स्कॅन.

नुसत्या अँटिबायोटिकने भागेल का, असे हल्ली बरेच जण विचारतात. न फुटलेल्या अपेंडिक्ससाठी काही रुग्णांत भागते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषधावर ठेवलेल्या दहापैकी सुमारे तिघांना ९० दिवसांत शस्त्रक्रिया लागलीच. खडा असलेल्यांत दहापैकी चौघांना. हा निर्णय सर्जनच्या देखरेखीखाली घ्यायचा, औषधाच्या दुकानात नव्हे.

राहिला ‘निरुपयोगी अवयव’ हा शिक्का. अपेंडिक्सच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते, विशेषतः तरुण वयात. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये मांडले की उपकारक जंतूंचा साठा इथे सुरक्षित राहतो आणि मोठ्या जुलाबानंतर आतड्यात पुन्हा पसरतो. हे पुरते सिद्ध झालेले नाही, पण तर्क भक्कम आहे. नळी काढल्यावर माणूस व्यवस्थित जगतो, हेही तितकेच खरे. त्यामुळे सुजलेली नळी काढायला कचरू नये. मात्र महिनोन् महिने अधूनमधून दुखते, तपासण्या ठीक आहेत आणि तरी ‘काढून टाकू’ असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या सर्जनचे मत जरूर घ्यावे.

संशय आला की खाणे-पिणे बंद करावे, कारण भूल द्यावी लागू शकते. शेवटचे कधी खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. पोट शेकू नये. दुर्बिणीची शस्त्रक्रिया तीन लहान छिद्रांतून होते आणि नळी फुटलेली नसेल तर बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. काढलेली नळी बायोप्सीला पाठवलीच पाहिजे. क्वचित तिच्यात गाठ सापडते आणि पुढचे उपचार बदलतात. टाके काढायला जाल तेव्हा तो अहवाल मागून घ्यावा.

आपला,
एक जनरल सर्जन